विश्लेषण : संगणक बंद पडला, तरी काम कसे वाचते?

राळेगावात संगणकावर काम सुरू असताना वीज गेली आणि परत आल्यावर मजकूर जागेवर सापडला, तर त्याचे बरेचसे श्रेय जिम ग्रे यांच्या पिढीला जाते.

१९४४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले ग्रे सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये होते. प्रश्न साधा होता. पैसे एका खात्यातून निघाले आणि दुसऱ्यात पोहोचण्याआधीच यंत्र बंद पडले, तर? त्यांनी व सहकाऱ्यांनी पक्के केलेले उत्तर कापसाच्या व्यापाऱ्याला लगेच कळेल: आधी कीर्द, मग खतावणी. बदल करण्यापूर्वी संगणक त्याची नोंद डिस्कवर करतो. पुन्हा सुरू झाला, की ती वाचून पूर्ण व्यवहार लागू करतो, अर्धवट मागे घेतो. मोबाइलमधील अनेक ॲपची माहिती आजही अशीच शाबूत राहते. अर्थात, जे नोंदलेच नाही ते परत येत नाही. म्हणून ऑटोसेव्ह चालू हवे.

टँडेम कंपनीत असताना १९८५मध्ये त्यांनी संगणक का बंद पडतात, हे तपासले. यंत्रातील बिघाडापेक्षा देखभालीतील चुका आणि सॉफ्टवेअर ही मोठी कारणे निघाली. सॉफ्टवेअरचे बरेच दोष क्षणिक असतात, पुन्हा सुरू केल्यावर ते नाहीसे होतात, असेही त्यांनी मांडले. ‘रीस्टार्ट करून बघा’ हा सल्ला अगदीच टाळाटाळीचा नाही!

१९९८चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. २८ जानेवारी २००७ रोजी आईच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी ते एकटेच शिडाच्या बोटीने फॅरालोन बेटांकडे निघाले. हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे तपासली, पण बोटीचा मागमूस लागला नाही. २०१२मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केले.