जिला चालता येत नव्हते, तिला घोड्याने चालवले : अ‍ॅना सेवेल



आत्मवृत्त हा निबंधप्रकार आपण सगळेच वर्गात घेतो. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, नदीचे आत्मवृत्त, जुन्या वडाचे आत्मवृत्त. मुले पहिला परिच्छेद झोकात लिहितात आणि मग अडतात. मी नदी आहे, मी सगळ्यांना पाणी देते, इथपर्यंत जमते. पण नदीला काय दुखते, कशाची भीती वाटते, हे काही सुचत नाही. आज तुम्हाला अशा एका बाईंची ओळख करून देते, ज्यांनी उभ्या आयुष्यात एकच पुस्तक लिहिले आणि ते होते एका घोड्याचे आत्मवृत्त. पुस्तकाचे नाव ‘ब्लॅक ब्युटी’, लेखिका अ‍ॅना सेवेल.

बालपण

अ‍ॅनाचा जन्म 30 मार्च 1820 रोजी इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यात, ग्रेट यारमथ या समुद्रकाठच्या गावी झाला. घर क्वेकर पंथाचे. साधी राहणी, खोटे बोलायचे नाही, मुक्या जिवांना छळायचे नाही, हे तिथले रोजचे संस्कार. वडील आयझॅक यांना धंद्यात कधी यश आले नाही, त्यामुळे घर सारखे बदलत राहिले. आई मेरी स्वतः लिहिणारी होती. अ‍ॅना आणि धाकटा भाऊ फिलिप यांना तिने घरीच शिकवले. दोघे मुलं नॉर्फकमधल्या आजोळी राहायला जात. तिथे शेत होते, जनावरे होती, घोडे होते. घोड्यांची ओळख झाली ती अशी.

अ‍ॅना बारा वर्षांची झाली तेव्हा कुटुंब लंडनजवळ स्टोक न्यूइंग्टनला राहायला आले आणि ती पहिल्यांदा शाळेत जाऊ लागली.

तो दिवस

पुढे दोनच वर्षांत सगळे बदलले. चौदा वर्षांची अ‍ॅना शाळेतून घरी येत होती. वाटेत पाय घसरला आणि दोन्ही घोट्यांना मार बसला. आजच्या काळात अशा पोरीला आपण लगेच दवाखान्यात नेऊ, एक्स-रे काढू. 1834 च्या सुमाराला एक्स-रे नव्हताच, तो यायला अजून साठ वर्षे होती. जे उपचार झाले त्यांचा गुण आला नाही. बरे होण्यासाठी कुटुंब समुद्रकाठच्या ब्रायटनला गेले, पुढे युरोपातली औषधी पाण्याची ठिकाणे झाली. थोडे दिवस बरे वाटायचे, पुन्हा तेच. आधाराशिवाय फार वेळ उभे राहणे किंवा लांब चालणे तिला उरलेल्या आयुष्यात जमले नाही.

विचार करा, धावण्या-खेळण्याच्या वयातली मुलगी खुर्चीला खिळली.

हातात लगाम आला

इथे घोडा तिच्या आयुष्यात खऱ्या अर्थाने आला. घरच्या छोट्या गाडीला तट्टू जुंपायचे, अ‍ॅनाने लगाम हातात घ्यायचा आणि वडिलांना रेल्वे स्टेशनवर सोडायचे, संध्याकाळी आणायचे. ज्या मुलीला चार पावले टाकायला कुणाचा तरी हात लागायचा, ती आता स्वतःच्या हिमतीवर मैल दोन मैल फिरू लागली. इतकेच नव्हे, घरातल्या माणसाला तीच पोचवू लागली! घरी घोडा असण्याचा आनंद म्हणतात तो हाच. श्रीमंतीचा मिरवण्याचा आनंद तिच्या वाट्याला नव्हता. तिच्यासाठी घोडा म्हणजे तिचे पाय होते.

आणि जो आपले पाय होतो, त्याच्याकडे माणूस निराळ्या नजरेने बघतो. तिला गाडी हाकताना पाहिलेल्यांनी नोंदवून ठेवले आहे की ती लगाम ढिला धरायची आणि घोड्याशी बोलत जायची. गाडीवर बसून वर्षानुवर्षे तिने एकच अभ्यास केला. हा कान का टवकारतो? इथे का बिचकतो? चढावर याचा श्वास का कोंडतो?

घोडाही घाबरतो

या अभ्यासातून तिला जे कळले ते पुस्तकात ठिकठिकाणी दिसते. आपण म्हणतो, घोडा चावतो, घोडा लाथ मारतो, म्हणून त्याची भीती वाटते. अ‍ॅनाने उलट बाजूने सांगितले, की घोडा चावतो कारण तो घाबरलेला असतो, नाहीतर कधीतरी दुखावलेला असतो. पुस्तकात जिंजर नावाची घोडी आहे. सगळे तिला टाकून बोलतात, कारण ती चावते. हळूहळू तिची कहाणी उलगडते. लहानपणी तिला प्रेमाने कुणी हात लावलाच नाही, जबरदस्तीने पाडून-ओढून शिकवले. मायेने वागवणारी माणसे भेटल्यावर तिचे चावणे कमी होते. वर्गातला एखादा आडमुठा विद्यार्थी आठवला ना?

दुसरा प्रसंग तर प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. ब्युटी अजून कोवळा असताना त्याचा मालक त्याला रेल्वेरुळाला लागून असलेल्या कुरणात पंधरा दिवस सोडतो. पहिली गाडी धडधडत जाते तेव्हा ब्युटी जीव घेऊन कुरणाच्या दुसऱ्या टोकाला पळतो. पण त्याच कुरणात गायी चरत असतात, त्या मान वर करून बघतात न बघतात आणि पुन्हा चरू लागतात. दिवसभरात गाड्या येतात, जातात, कुरणात कुणी शिरत नाही, कुणाला काही होत नाही. थोड्याच दिवसांत ब्युटीही गायींसारखा निवांत होतो. पुढे मोठेपणी स्टेशनवर इतर घोडे उधळतात, हा शांत उभा राहतो.

ना चाबूक, ना दटावणी. सुरक्षित अंतर, पुरेसा वेळ आणि न घाबरणारी सोबत, एवढ्यावर भीती गेली.

फॅशनसाठी ताणलेली मान

त्या काळी इंग्लंडात श्रीमंतांच्या गाड्यांना एक जास्तीचा लगाम असे. त्याने घोड्याची मान वर ओढून बांधून ठेवत. डौलदार दिसते म्हणून! पण ओझे ओढताना घोड्याला मान खाली घालून अंगाचा जोर लावावा लागतो. तेच बंद केल्यावर मान, पाठ आणि श्वास, तिन्हींवर ताण येतो. अ‍ॅनाला ही गोष्ट अगदी झोंबली. आपल्या दुखण्याला कुणी जबाबदार नाही, पण हे दुखणे माणसाने निव्वळ हौसेपायी दिलेले आहे, हा फरक तिला टोचला असावा. लंडनच्या भाड्याच्या बग्ग्यांचे घोडे आणि त्यांचे गरीब गाडीवान, दोघांचेही हाल तिने पुस्तकात मांडले. गाडीवानाला सरसकट दोषी मात्र ठरवले नाही, हे विशेष.

अंथरुणावर लिहिलेले पुस्तक

1867 मध्ये कुटुंब नॉरिचजवळ ओल्ड कॅटन या गावी आले. 1871 मध्ये अ‍ॅनाने लिहायला घेतले, तेव्हा ती 51 वर्षांची होती. तब्येत इतकी खालावली होती की कधी आईला सांगून लिहून घ्यायचे, कधी पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठ्यांवर चार ओळी लिहायच्या आणि आईने त्या नीट उतरवून काढायच्या. मध्ये महिनेच्या महिने काम बंद. असे करत पुस्तकाला सहा वर्षे लागली. नॉरिचच्या जॅरोल्ड या प्रकाशकाने ते 24 नोव्हेंबर 1877 रोजी प्रसिद्ध केले. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर तिने स्वतःला लेखिका म्हणवलेच नाही. मूळ घोड्याच्या भाषेतून हा अनुवाद केला आहे, असे छापले!

त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, 25 एप्रिल 1878 रोजी अ‍ॅना गेली. पुस्तकाचे खरे यश तिने पाहिले नाही. असे सांगतात, की अंत्ययात्रेच्या घोड्यांच्या माना तशाच ताणून बांधलेल्या आईला दिसल्या, आणि तिने ते लगाम आधी काढायला लावले.

1890 मध्ये अमेरिकेत जॉर्ज एंजेल या प्राणिमित्राने पुस्तकाच्या प्रती छापून गाडीवानांपर्यंत, तबेल्यांपर्यंत पोचवल्या. आजवर जगभरात पाच कोटींहून अधिक प्रती खपल्याचे मानले जाते. मान ताणणाऱ्या लगामाची फॅशनही हळूहळू ओसरली.

मुलांना घोड्याची भीती वाटते तेव्हा

सहलीला माथेरानला गेल्यावर, नाहीतर लग्नाच्या वरातीत, काही मुले घोडा दिसताच आईच्या मागे लपतात. पालकांनो, अशा वेळी उचलून एकदम पाठीवर बसवू नका. आधी लांबून बघू द्या. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे अगदी मागचे त्याला दिसत नाही आणि नाकासमोरचेही नाही. म्हणून मागून कधीच जायचे नाही. खांद्याच्या बाजूने, हळू आवाजात बोलत, मालकाला विचारून जायचे. कान मागे दाबलेले असतील तर थांबायचे. मग मानेवर अलगद हात. बसणे नंतर, आणि मुलाला हवे असेल तरच. घोडाही आपल्याला बिचकतो हे कळले, की मुलाची निम्मी भीती तिथेच जाते.

वर्गात काय घ्याल?

1. आत्मवृत्ताचा विषय देण्याआधी ब्युटीचा रेल्वेचा प्रसंग तुमच्या शब्दांत गोष्ट म्हणून सांगा.
2. प्रत्येकाला शाळेच्या वाटेवरचा एक प्राणी आठवडाभर बघायला सांगा. गाय, कुत्रा, बैल, काहीही. त्याला कशाची भीती वाटते आणि कोण जवळ आले की तो निवांत होतो, एवढेच टिपून आणायचे.
3. मग निबंध लिहायला द्या. बघा, वाक्ये आपोआप बदलतात.

अ‍ॅनाने आयुष्यभर बसल्या जागेवरून बघितले आणि जे बघितले ते घोड्याच्या बाजूने सांगितले. आपल्या मुलांना दोन पाय आहेत, फिरायला सारा गाव आहे. दुसऱ्याच्या बाजूने बघायची सवय तेवढी आपण लावायची आहे.