पायात रॉड टाकलाय? मग लिस्टर यांची ही गोष्ट वाचाच

वैजापूर असो की सिल्लोड, दुचाकीच्या अपघातात मांडीचं नाहीतर नडगीचं हाड मोडलं की पेशंट थेट संभाजीनगरला, घाटीत. तिथं रॉड किंवा प्लेट टाकतात. आज यात काही नवल वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी हाड कातडी फाडून बाहेर आलं की जखमेत पू व्हायचा, मग पाय तरी कापावा लागे, नाहीतर माणूस दगावे. हे चित्र पालटलं जोसेफ लिस्टर यांनी.

त्यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ चा, इंग्लंडमधल्या अप्टनचा. पुढं ते ग्लासगोच्या दवाखान्यात सर्जन झाले. जखमा खराब हवेनं सडतात, असं तेव्हा डॉक्टरही मानत. लिस्टर यांनी फ्रान्सच्या पाश्चर यांचं जंतूंवरचं काम वाचलं. त्यातच एक शेतीतली गोष्ट कानावर आली. कार्लाइल गावात सांडपाण्यात कार्बोलिक ॲसिड टाकत होते. ते पाणी दिलेल्या कुरणात चरणाऱ्या गुरांच्या पोटातले जंत कमी झाले होते. मग जखमेतले जंतूही यानं मरतील, हे त्यांनी हेरलं.

१२ ऑगस्ट १८६५ ला गाडीचं चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा पोरगा आला. नडगी मोडलेली, जखम उघडी. लिस्टर यांनी कार्बोलिकची पट्टी बांधली. चार दिवसांनी सोडून पाहिली, तर पू नाही! सहा आठवड्यांत हाड जुळलं, पाय वाचला. त्यांच्याकडं आधी अवयव कापलेल्या ३५ पैकी १६ जण दगावले होते. नंतर ४० पैकी ६ च.

१८७७ मध्ये लंडनला त्यांनी गुडघ्याची मोडलेली वाटी उघडून चांदीच्या तारेनं जोडली. चांगल्या माणसाचा गुडघा उघडायचा म्हणजे तेव्हा जिवाशी खेळ. पण जखम चिघळली नाही. हाडात धातू ठेवता येतो, फक्त जंतू आत जाता कामा नयेत, हे सिद्ध झालं. १० फेब्रुवारी १९१२ ला ते वारले.

आजही धोका तोच आहे. जंतू धातूला चिकटून थर धरतात, मग नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. ऑपरेशन करून जखम साफ करावी लागते, आतला नमुना तपासून कित्येक आठवडे औषध चालतं, कधी रॉड बदलावा लागतो. म्हणून टाक्यातून पाणी किंवा पू आला, लाली, सूज, ताप दिसला, तर हळद-चुना लावत घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळ्या मधेच सोडू नका, तंबाखू-बिडी बंद ठेवा, शुगर तपासा.