डिशलीचा खंडकरी

औद्योगिक क्रांती म्हटली की आपल्याला वाफेचे इंजिन आठवते, जेम्स वॉट आठवतो. पण त्या वाढत्या शहरांतल्या मजुरांच्या ताटात काय पडत होते, हा प्रश्न आपल्याला सहसा सुचत नाही. इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याने मात्र त्या ताटाचा विचार आयुष्यभर केला. त्याचे नाव रॉबर्ट बेकवेल. मांसासाठी गोवंश वाढवणे हा आपल्याकडे नाजूक विषय आहे, याची मला जाणीव आहे. पण ही गोष्ट तिथली, त्या लोकांची आहे आणि तिच्यातला हिशेब कुठल्याही पशुपालकाला लागू पडणारा आहे.

बेकवेलचा जन्म २३ मे १७२५ चा, लेस्टरशायर परगण्यातल्या लाफबरोजवळ डिशली येथला. जमीन स्वतःची नव्हे, खंडाने घेतलेली; सुमारे ४४० एकर. वडील १७६० साली वारले आणि कारभार त्याच्याकडे आला. त्याने कुरणांना पाटाचे पाणी दिले, हिवाळ्यासाठी सलगमाचे पीक घेतले. एवढ्या जमिनीवर शेजाऱ्यांच्या मानाने कितीतरी जास्त जनावरे तो पोसू लागला.

त्या काळी गावाच्या सामाईक गायरानात सगळ्यांची गुरे एकत्र चरत. कुठल्या गाईला कुठला वळू लागला याचा पत्ता नसे. पुढे गायराने मोडून शेतांना कुंपणे पडू लागली. गरिबाची चराई त्यात गेली. पण ज्याच्याकडे कुंपण होते, त्याला आपली जनावरे वेगळी ठेवून हवी तशी जोडी लावता येऊ लागली. बेकवेलने ही संधी नेमकी हेरली.

लांब शिंगांची, तपकिरी-पांढरी, पाठीवर पांढरा पट्टा असलेली ‘लाँगहॉर्न’ जात त्याने निवडली. कॉव्हेंट्रीजवळच्या कॅनली इथून कालवडी आणल्या, उत्तरेकडच्या वेस्टमोरलँडमधून वळू आणला. त्यांच्या वंशातला ‘टुपेनी’ नावाचा वळू पुढे फार गाजला. हाडे बारीक, अंग भरलेले, लवकर चरबी धरणारे जनावर त्याला हवे होते. कारण हाडाला गिऱ्हाईक नसते आणि चारा मात्र हाडालाही लागतो. हवा तो गुण पक्का करण्यासाठी त्याने जवळच्या नात्यातली जनावरे एकमेकांना लावली. लोकांना हे अघटित वाटे. त्याने त्याची पर्वा केली नाही.

मी निवृत्त बँक अधिकारी असल्यामुळे कुणाचेही चरित्र वाचताना आधी त्याचे खाते उघडून बघतो. बेकवेलची खरी अक्कल मला तिथे दिसते. आपले उत्तम मेंढे आणि वळू तो विकत नसे, हंगामापुरते भाड्याने देई. मुद्दल घरचे घरी आणि व्याज दारोदारचे! शिवाय कुठल्या नराची पिल्ले कशी निपजतात, हे दहा ठिकाणी पाहायला मिळे. सर्वांत चांगला ठरेल तो नर परत आपल्या कळपासाठी राखायचा. सुरुवातीला मेंढ्याचे भाडे हंगामाला सोळा-सतरा शिलिंग होते. १७८० च्या दशकाअखेर ते शेकडो गिनींवर गेले.

तरीही हा माणूस १७७६ साली दिवाळखोर जाहीर झाला. प्रयोगांचा खर्च आणि पाहुण्यांची वर्दळ यांपुढे आवक टिकली नाही. तो डिशली सोडून गेला मात्र नाही, पुन्हा उभा राहिला. तो अविवाहित होता. घर बहीण हॅना सांभाळी. दूरदेशीचे पाहुणे त्याच्या स्वयंपाकघरातल्या शेकोटीजवळ बसत. दिवाणखान्यात जनावरांचे सांगाडे आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेले मांसाचे तुकडे मांडलेले असत, म्हणजे पिढीगणिक हाड किती उतरले ते डोळ्यांनी दिसावे. पाहुणा कितीही मोठा असो, रात्री साडेदहाला पाइप झटकून तो उठे. त्याच्या वळूंना एखादा पोरगा नुसत्या काठीने हाकत नेई, इतकी ती जनावरे मायेने वाढवलेली होती. १ ऑक्टोबर १७९५ रोजी तो गेला. आपली विद्या त्याने पुस्तकात लिहून ठेवली नाही.

डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये बेकवेलचे नाव येते, मेंढ्यांच्या संदर्भात आणि गुरांच्याही. त्याच्या गाईंचे काय झाले? चरबीच्या मागे लागता लागता त्यांचे दूध आटले, गाभण राहण्याची ताकद कमी झाली. डार्लिंग्टनकडच्या कॉलिंग बंधूंनी याच पद्धतीने ‘शॉर्टहॉर्न’ जात घडवली होती. ती दूधही देई, मांसही देई. तिचा ‘कॉमेट’ नावाचा वळू १८१० साली हजार गिनींना विकला गेला. लाँगहॉर्न मागे पडली ती पडलीच. विसाव्या शतकात ती मोजक्या गोठ्यांपुरती उरली.

बँकेत असताना गाई-म्हशींच्या कर्जाची पुष्कळ प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. वेत कितवे, दूध किती, किंमत किती, असे रकाने फॉर्मात असत. धो धो पाऊस सोसणे, निकृष्ट चाऱ्यावर निभावणे, न अडता विणे, यांना रकाना नसे. आपली डांगी गाय या गुणांवरच तगली आहे. बाजार ज्याचे मोल करत नाही तो गुण एकदा गेला की कर्ज काढूनही परत आणता येत नाही.

इंग्लंडला हे उशिरा का होईना, उमगले. १९७३ साली तिथे दुर्मीळ जातींच्या रक्षणासाठी ट्रस्ट स्थापन झाला. १९०० पासून तोवर ब्रिटनने २६ देशी जाती गमावल्या, अशी त्याची नोंद आहे. लाँगहॉर्न या यादीत होती. छोट्या शेतकऱ्यांनी ती हौसेने सांभाळली, संख्या वाढली आणि ती यादीबाहेर आली. बारमाही उघड्यावर राहणारी, सहज विणारी, वासराला पुरेसे दूध देणारी आणि नुसत्या गवतावर भरणारी गाय लहान शेताला परवडते. ससेक्समधल्या नेप इस्टेटीत तर रानात मोकळ्या सोडलेल्या लाँगहॉर्न पाहायला लोक जातात.

डिशलीच्या चर्चचे आता छप्पर गेले आहे. त्या पडक्या भिंतींत बेकवेलची कबर आहे. त्याची गाय पाळणारे आजचे शेतकरी वळू आणण्याआधी वंशावळीची वही उघडतात आणि नाते फार जवळचे निघाले तर तो वळू नाकारून दुसऱ्या गोठ्याची वाट धरतात.