डीपी का गुणगुणते? – जेम्स ज्यूल यांची गोष्ट

मुलांनो, रस्त्याच्या कडेला असलेल्या डीपीजवळून जाताना तुम्ही घूंऽऽ असा आवाज ऐकला असेल. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकमधूनही तसाच, पण बारीक आवाज येतो. बऱ्याच मुलांना वाटतं की आतून वीज वाहते तिचाच हा आवाज. तसं नाही. आवाज करतं ते आतलं लोखंड! आणि हे लोखंड काय करतं, ते पहिल्यांदा मोजून दाखवलं ते इंग्लंडमधल्या एका बिअर कारखानदाराच्या मुलाने. त्याचं नाव तुम्हाला पुस्तकातल्या एककामुळे माहीत आहे. ज्यूल.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड येथे झाला. लहानपणी तब्येत नाजूक, म्हणून शिक्षण घरीच झालं. पुढे वडिलांनी जेम्स आणि त्याच्या भावाला जॉन डाल्टन यांच्याकडे शिकायला पाठवलं. होय, अणुसिद्धांतवाले डाल्टन! पण त्यांनी आधी दोन वर्षं अंकगणित आणि भूमितीच शिकवली. रसायनशास्त्र सुरू झालं आणि थोड्याच काळात, १८३७ मध्ये, डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आला. शिकवणी संपली. ज्यूल कॉलेजात कधी गेलेच नाहीत. कारखान्याचं काम बघायचं आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असं त्यांचं चाललं होतं.

कारखान्यातलं वाफेचं इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवावी, असं त्यांच्या मनात होतं. मोटर फिरली, पण हिशेब काही जुळेना. बॅटरीत जळणारं जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडत होतं. स्वप्न बारगळलं. पण त्या हिशेबामुळे एक सवय लागली : किती दिलं, किती मिळालं, आणि बाकीचं कुठे गेलं हे बघायची. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा नियम त्यांनी १८४० मध्ये याच सवयीतून शोधला. लंडनच्या रॉयल सोसायटीने मात्र त्या निबंधाचा फक्त सारांश छापला.

आता आपल्या आवाजाकडे येऊ. लोखंडाला चुंबक केलं की ते फुगत असेल, आणि त्यावर एखादं यंत्र चालवता येईल, अशी कल्पना मँचेस्टरच्याच एका कारागिराने ज्यूल यांना सुचवली होती. ज्यूल यांनी लोखंडाची कांडी तारेच्या गुंडाळीत उभी केली. एक टोक पक्कं बसवलं आणि दुसऱ्या टोकाला तरफा जोडल्या, म्हणजे बारीकशी हालचालही मोठी होऊन दिसावी. प्रवाह सुरू करताच कांडी लांब झाली! किती? दहा लाख भागांत जेमतेम एक-दोन भाग. गुंडाळी तापल्याने लोखंड वाढलं असेल, अशी शंका कुणीही घेईल. पण तापून होणारी वाढ सावकाश होते, आणि ही तर झटक्यात होत होती. मग त्यांनी कांडी पाण्याने भरलेल्या नळीत ठेवली आणि वर केसासारखी बारीक नळी लावली. कांडी फुगली असती तर पाणी वर चढलं असतं. पण पाणी हललंच नाही. म्हणजे कांडी लांब होताना तेवढीच बारीक होत होती. १८४२ मध्ये त्यांनी हे मँचेस्टरमध्ये सांगितलं. आज या गुणधर्माला मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. एवढ्याशा वाढीवर यंत्र काही चालणार नव्हतं, तेव्हा कारागिराची कल्पना तिथेच राहिली.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. एका आवर्तनात लोखंड दोनदा चुंबक होतं, एकदा या दिशेने आणि एकदा उलट. दिशा कोणतीही असो, लांबी बदलतेच. म्हणून डीपीतल्या पत्र्यांचा गाभा सेकंदाला १०० वेळा ताणतो आणि आखडतो. तोच खर्जातला घूं. पत्रे सैल झाले की आवाज वाढतो. (सगळीच गुणगुण अशी नसते हं. पंख्यात आणि मोटरमध्ये चुंबकाच्या ओढीने भाग थरथरतात. आणि आवाज ऐकायचा तो कुंपणाबाहेरूनच!)

ज्यूल यांचं मोठं काम म्हणजे श्रमाची उष्णता किती होते ते मोजणं. खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते बघायचं. तापमानातला फरक इतका थोडा की लोकांचा विश्वासच बसेना. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्यांना थोडक्यात आटपायला सांगण्यात आलं. पण तिथे बसलेल्या तरुण विल्यम थॉमसन यांना, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांना, यात काहीतरी आहे हे कळलं. पुढे दोघांनी मिळून बरंच काम केलं. मान मिळाला, १८७० मध्ये कोप्ले पदकही मिळालं. घरी मात्र १८५४ मध्येच पत्नी अमेलिया गेल्या होत्या. कारखानाही विकला गेला, आणि उतारवयात सरकारी पेन्शनची मदत झाली.

१८८५ मध्ये बुडापेस्टच्या इंजिनिअरांनी बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर बनवला. तोपर्यंत ज्यूल थकले होते. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल या गावी त्यांचं निधन झालं. त्यांच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला एक पौंडाचं वजन तितके फूट खाली यावं लागतं. लोखंडाच्या लांबीचा आकडा मात्र तिथे नाही.