गुरांचा वैद्य राज्यकर्ता झाला : तूसाँ लूव्हेरत्यूर

वेस्ट इंडीज बेटांतील हैती देशास पूर्वी सां-दोमिंग म्हणत व तेथे फ्रेंचांची सत्ता होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस या वसाहतीत सुमारे ५ लाख गुलाम उसाच्या व कॉफीच्या मळ्यांत राबत असत. ते आफ्रिकेतून धरून आणलेले किंवा तशांच्या पोटी जन्मलेले होते. ब्रेदा नावाच्या अशाच एका मळ्यावर १७४३ च्या सुमारास तूसाँचा जन्म झाला. लहानपणी तो इतका किडकिडीत होता की, लोक त्यास काटकी म्हणून हिणवीत. पुढे मात्र त्याच्यासारखा घोडेस्वार त्या मुलखात विरळाच झाला.

मळ्यावरील गुरेढोरे व घोडे सांभाळण्याचे काम त्याजकडे आले. झाडपाल्याचे गुण त्यास चांगले ठाऊक होते. त्यामुळे जनावरांचा व माणसांचाही वैद्य म्हणून त्याचा लौकिक झाला. मळ्याच्या कारभाऱ्याने त्यास आपला गाडीवान नेमिले. तो वाचावयास शिकला, आणि रोमन मंडळीत राहून आपला धर्म निष्ठेने पाळी. १७७६ पर्यंत तो गुलामगिरीतून मोकळा झालेला होता. त्यानंतर त्याने कॉफीचा एक मळा खंडाने घेतला. त्या मळ्यावर गुलामच राबत होते, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही.

१७९१ च्या ऑगस्ट महिन्यात गुलामांनी बंड केले व मळ्यांमागून मळे पेटले. तूसाँने प्रथम कारभाऱ्याच्या पत्नीस सुरक्षित स्थळी पोहोंचविण्याची तजवीज केली, आणि मग तो बंडवाल्यांस जाऊन मिळाला. त्यांच्या सैन्यात त्याचे पहिले काम वैद्याचे होते. परंतु थोडक्याच काळात तो सेनापती झाला. १७९३ मध्ये त्याने स्पेनचा पक्ष धरिला. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द ठरविली, व त्याच वर्षी तो फ्रेंचांकडे आला. बेट घ्यावयास आलेल्या इंग्रज फौजेस १७९८ मध्ये माघारी जावे लागले. १८०१ मध्ये सर्व बेट तूसाँच्या हाती आले. त्या वर्षी त्याने जी राज्यघटना जाहीर केली तीत गुलामगिरी कायमची बंद केली होती, व तूसाँ हा तहहयात गव्हर्नर ठरला होता.

येथवरची हकीकत ऐकून कोणाचेही मन उचंबळून येईल. तथापि पुढील भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. साखर व कॉफी विकल्यावाचून सैन्यास दारूगोळा मिळणार नव्हता, आणि सैन्यावाचून स्वातंत्र्य टिकणार नव्हते. म्हणून १८०० च्या ऑक्टोबरात तूसाँने हुकूम काढून मुक्त झालेल्या मजुरांस पुन्हा मळ्यांशी बांधून टाकिले, आणि त्यांजवर लष्करी शिस्त बसविली. त्यांस मजुरी मिळे. पण मळा सोडून जाण्याची मोकळीक नसे. लोकांस स्वतःच्या जमिनीचा तुकडा हवा होता. १८०१ मध्ये उत्तर भागातील मजूर उठले, तेव्हा त्याने ते बंड मोडिले, आणि ज्यास तो आपला पुतण्या मानी त्या सेनापती मॉईजलाही देहान्त शिक्षा दिली.

१८०२ च्या आरंभी नेपोलियनने पाठविलेली मोठी फौज बेटावर उतरली. त्या वेळी तूसाँचे कित्येक सरदार शत्रूस मिळाले. मे महिन्यात त्याने लढाई थांबविली. जून महिन्यात एका फ्रेंच सेनापतीने पत्र पाठवून त्यास भेटीस बोलाविले व विश्वासघाताने कैद केले. जूरा पर्वतातील थंडगार किल्ल्यात ७ एप्रिल १८०३ रोजी तो मरण पावला. परंतु नेपोलियन पुन्हा गुलामगिरी आणणार हे कळताच बेटावरील लोक परत उठले, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

वाचकहो, ज्याने मुक्या जनावरांची दुखणी ओळखिली व आपल्या लोकांच्या बेड्या तोडिल्या, त्यालाही सत्ता हाती आल्यावर त्याच लोकांचे गाऱ्हाणे ऐकू आले नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजापणजांनी वेठबिगार सोसली आहे. आज त्यांच्यापैकी कोणी मंडळीचा वडील होतो, कोणी सरपंच होतो, ही देवाची कृपा होय. पण आपल्या मानेवरून उतरलेले जू आपणच कोणा दुबळ्याच्या मानेवर ठेवीत नाही ना, हे अशा प्रत्येकाने प्रार्थनेत स्वतःस विचारावे. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूने अधिकाराचा कित्ता आपणांस घालून दिला आहे. तोच आपण गिरवावा.