पितृऋण आणि क्षमा : संत ऑगस्टीन यांचे चरित्र

आज सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी ठाऊक नाही, अशाही पितरांचे स्मरण आज घरोघर होईल. श्रद्धेने केले जाते ते श्राद्ध, अशी या शब्दाची फोड शास्त्रकार करतात. परंतु ज्या पित्याने जन्मभर क्रोधच दाखविला, ज्या मातेच्या हट्टापायी संसार विस्कटला, त्यांच्याविषयी श्रद्धा आणावी कोठून, असा प्रश्न कीर्तन आटोपल्यावर काही श्रोते आम्हांस हळूच विचारतात. प्रश्न खोटा नाही. कठोपनिषदातील नचिकेत्यास रागाच्या भरात मृत्यूला देऊन टाकणारा त्याचा पिताच होता. तरीही यमधर्माकडे पहिला वर मागताना पित्याचे मन शांत व्हावे, हेच त्या बालकाने मागितले. हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मातील एका थोर आचार्यांपुढे उभा राहिला. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संत ऑगस्टीन यांचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या लहानशा नगरात झाला. तो प्रदेश तेव्हा रोमन साम्राज्यात होता. आज तो अल्जेरिया देशात येतो. पिता पॅट्रिशिअस हे बेताच्या मिळकतीचे जमीनदार व नगरसभेचे सभासद. ते ख्रिस्ती नव्हते; माता मोनिका मात्र निष्ठावंत ख्रिस्ती होती. पॅट्रिशिअस मनाचे उदार, पण विलक्षण तापट. शिवाय पत्नीशी एकनिष्ठही नव्हते. मोनिका त्यांच्या रागाला तोंडावर उत्तर देत नसे. राग ओसरला की आपले म्हणणे शांतपणे मांडी. गावातील इतर स्त्रियांच्या अंगावर पतीच्या माराचे वळ दिसत, ते मोनिकेच्या अंगावर कधी कसे दिसत नाहीत, याचे त्यांना नवल वाटे.

बालपणी शाळेत ऑगस्टीन यांस छडीचा मार बसे. तो चुकावा म्हणून ते देवाची करुणा भाकीत. आणि आईवडील मात्र ते वळ पाहून हसत. हे हसणे ते कधीच विसरले नाहीत. पुढे पैशाअभावी सोळाव्या वर्षी शिक्षण थांबले व एक वर्ष घरीच गेले. पित्याने ऐपतीबाहेर जाऊन पैसा उभा करण्याची खटपट केली आणि मुलास कार्थेज येथे धाडले. त्याहून श्रीमंत लोकही आपल्या मुलांसाठी एवढे करीत नव्हते. परंतु मुलगा वक्ता व्हावा, एवढीच पित्याची चिंता. त्याचे आचरण कसे आहे, याची त्यांनी फिकीर केली नाही. मृत्यूपूर्वी थोडाच काळ पॅट्रिशिअस यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. ऑगस्टीन तेव्हा सतरा वर्षांच्या सुमारास होते. आपल्या ग्रंथात पित्याचा मृत्यू त्यांनी जाता जाता अर्ध्या वाक्यात सांगितला आहे. मनातील अंतर त्यावरून कळते.

मातेवर त्यांचा फार जीव होता. तरी तिच्याशीही ते सरळ वागले नाहीत. इ. स. ३८३ मध्ये त्यांनी रोमला जाण्याचे ठरविले. मोनिका त्यांना सोडीना. तेव्हा एका मित्रास निरोप द्यावयाचा आहे, असे खोटे सांगून त्यांनी तिला बंदराजवळच्या संत सिप्रियन यांच्या स्मारकमंदिरात रात्रभर थांबविले. ती तेथे अश्रू ढाळीत प्रार्थना करीत होती, आणि इकडे गलबत निघून गेले. सकाळी समुद्रकाठी तिचा आक्रोश ऐकण्यास मुलगा नव्हता.

तरीही ती माता समुद्र ओलांडून मिलान येथे त्यांच्याकडे पोहोचली. तेथे तिने मुलाचा विवाह ठरविण्यात पुढाकार घेतला. त्यापायी अनेक वर्षे सोबत राहिलेली, त्यांच्या पुत्राची माता असलेली स्त्री आफ्रिकेस परत गेली, आणि ऑगस्टीन यांचे हृदय विदीर्ण झाले. तो विवाह झालाच नाही. इ. स. ३८६ मध्ये त्यांना वैराग्य प्राप्त झाले, आणि ३८७ च्या ईस्टरला धर्माचार्य अँब्रोज यांच्या हस्ते त्यांनी दीक्षा घेतली.

त्याच वर्षी स्वदेशी परतताना ऑस्तिया बंदरात मोनिकेला ताप भरला. तिने गावी पतीशेजारी आपल्या थडग्याची जागा पूर्वीच करून ठेविली होती. आता मात्र देह कोठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझे स्मरण करा, असे तिने मुलांस सांगितले. नवव्या दिवशी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, तिने देह ठेविला. ऑगस्टीन यांनी लोकांदेखत अश्रू आवरले; मागाहून एकांतात मात्र ते मनसोक्त रडले.

पुढे हिप्पो येथे धर्माध्यक्ष झाल्यावर, इ. स. ३९७ नंतरच्या काही वर्षांत, त्यांनी 'कन्फेशन्स' हा तेरा खंडांचा ग्रंथ लिहिला. नवविधा भक्तीतील नववी भक्ती आत्मनिवेदन. हा ग्रंथही देवापुढे केलेले आत्मनिवेदनच होय. त्यात पित्याचा राग, मातेचे दोष आणि स्वतः मातेस दिलेला धोका, काहीही झाकलेले नाही.

मातापित्यांचा मान राखावा, ही ख्रिस्ती धर्मातील दहा आज्ञांपैकी एक. मातापिता निर्दोष असतील तरच, अशी अट तीत नाही. आणि येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत भक्त स्वतःसाठी क्षमा मागतो, ती आपणही इतरांना क्षमा करतो असे म्हणूनच. ऑगस्टीन यांनी याच प्रार्थनेचा आधार घेतला. मातेची पुण्ये बाजूला ठेवून त्यांनी तिच्या अपराधांसाठी क्षमा मागितली, कारण तिनेही इतरांना क्षमा केली होती. मग नवव्या खंडाच्या अखेरीस, जो कोणी हे वाचील त्याने मोनिका व पॅट्रिशिअस या दोघांचे वेदीपाशी स्मरण करावे, अशी याचना केली. साऱ्या ग्रंथात मातेचे नाव येते ते या एकाच ठिकाणी, आणि तेही तापट पित्याच्या नावासह. सोळाशे वर्षे वाचक ती याचना वाचीत आले आहेत.

वयाच्या पासष्टीनंतर मृतांच्या सेवेविषयी त्यांनी एक छोटा ग्रंथ लिहिला. मृतांना जिवंतांकडे येता आले असते, तर जलस्थल ओलांडून मागे आलेली आपली माता एक रात्रही चुकली नसती, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. २८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांचे निधन झाले.

वाचकहो, तर्पणात आपणही पितरांचा नामगोत्राने उच्चार करतो. ज्याच्या मनात शल्य आहे त्याने पित्याचा क्रोध चांगला होता असे म्हणावयाची गरज नाही. झाले ते जसेच्या तसे देवापुढे सांगावे, आपल्याकडून घडलेलेही सांगावे, आणि मग ओंजळीत तीळपाणी घेऊन त्यांचे नाव घ्यावे. तीळपाणी सुटताना मनातील गाठही सुटावी. आजचे श्राद्ध तेव्हाच श्रद्धेचे होईल.