कामगाराच्या शरीराचा आणि मनाचा कैवारी

वाचकहो, घटनेचे शिल्पकार म्हणून, दलितांचे मुक्तिदाते म्हणून आणि धम्मचक्र पुन्हा फिरविणारे बोधिसत्त्व म्हणून आपण परमपूज्य बाबासाहेबांना वंदन करतो. पण कामाच्या ठिकाणी माणसाचे आरोग्य आणि मन शाबूत राहावे म्हणून त्यांनी काय केले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्या चरित्राची ही बाजू आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

सुभेदार रामजींचे हे पुत्र मुंबईत परळच्या गिरणगावात, कामगारांच्या चाळीत वाढले. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये शिकून १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. हुद्दा मोठा होता. पण कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकीत. तेथे त्यांना पिण्यास पाणी मिळत नसे. राहत्या पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तेथेही त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतील माठाचे पाणी प्यावे याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पगार हाती पडतो आणि मन मात्र रोज मारले जाते, हा अनुभव त्यांनी असा स्वतः घेतला होता.

गिरणीतही हेच होते. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. या निमित्ताने अस्पृश्य कामगाराला जास्त मजुरीच्या विणाई खात्यात येऊ दिले जात नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. त्याच वर्षी मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी स्त्री कामगारांच्या प्रसूती रजेच्या विधेयकास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये हा कायदा झाला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि जुलै १९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातील कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले आणि मजुरांच्या वस्तीतही गेले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवून त्यातून मजुरांची घरे, पाणी, औषधोपचार व शिक्षण यांची सोय करावयाची, अशी ही योजना होती.

येथे एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. १९३७ पासून स्त्रियांना खाणीत खाली काम करण्यास बंदी होती. महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारने १९४३ साली ती उठविली आणि मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांना त्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. टीका झाली. हा तात्पुरता उपाय आहे आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी कायदेमंडळात स्पष्ट केले. फेब्रुवारी १९४६ पासून ती बंदी पुन्हा लागू झाली.

त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ च्या दुरुस्तीने, वर्षभर काम केलेल्या कारखाना कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा हक्काने मिळाली. १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी प्रा. अडारकरांनी १९४४ साली अहवाल दिला. त्यावर पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. घटनेच्या ४२ व्या कलमात कामाची माणुसकीची परिस्थिती व प्रसूती साहाय्य आले, ४३ व्या कलमात निर्वाह वेतन व फुरसत आली. ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही, राज्याचे कर्तव्य ठरले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आता धम्माकडे पाहा. राजगृहात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला मालकाची पाच कर्तव्ये शिकविली: नोकराला ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आणि मजूरमंत्र्यांचे कायदे यांत किती जवळचे नाते आहे!

वाचकहो, आज आपली मुले अधिकारी झाली आहेत, कोणी दुकान घातले आहे, कोणाच्या घरी धुणेभांड्याला बाई येते. तिचा कप आपण वेगळा ठेवतो काय? ती आजारी पडली तर पगार कापतो काय? आपल्या कचेरीतील झाडूवाल्याला आपण बसा म्हणतो काय? आणि आपलाच एखादा तरुण सवलतीवरून रोज टोमणे ऐकत मनातल्या मनात झुरत असेल, तर त्याच्या पाठीशी चारजण उभे राहतो काय? बाबासाहेबांनी बडोद्याचा अपमान स्वतःपुरता ठेवला नाही, त्याचे उत्तर लाखोंसाठी कायद्यात लिहिले. गटारात उतरणारा माणूस आजही गुदमरून मरतो, म्हणजे ते काम अजून पुरे झालेले नाही. विहारातील वंदना संपली की आपला धम्म कामाच्या जागी सुरू झाला पाहिजे. जयभीम!